दोन हात धुरा

मालेगावच्या रस्त्याला, गाव सुरू व्हायच्या अलीकडे, मंजुषाची घोड्यांची शाळा होती. शाळा म्हणजे लोखंडी पाइपांनी घेरलेलं रिंगण, पत्र्याचा तबेला आणि तीन घोडे. इथं शिकतं कोण, पोरं की घोडे, असं टपरीवरचे लोक एकमेकांना विचारत आणि वर चहा मागवत. मंजुषा ते मनावर घेत नसे. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत ती घोड्यावर बसायला शिकली होती आणि सोयाबीन-हरभऱ्याच्या या घरात सून म्हणून आली तरी ते विसरायला तयार नव्हती.

तिला झोंबायचं ते एकाच माणसाचं हसणं, धाकट्या दिराचं, मुकेशचं. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. मुकेशचं शेत रिंगणाला लागून, मधे फक्त धुरा, दोन शेतांमधला गवताळ बांध. रिंगण घेरताना मंजुषानं त्या कोपऱ्यात पाइप दोन हात पुढं रोवले होते, सरळ मुकेशच्या धुऱ्यात. चुकून नव्हे, ठरवून. वाटणीत विहीर त्याच्याकडे गेली याचा राग तिनं असा काढला. मुकेश तेव्हा पलीकडे उभा राहून बघत होता. तो भांडायला आला की काय काय सुनवायचं हे तिनं मनात तयार ठेवलं होतं. तो आलाच नाही. पाइप रोवून होईपर्यंत उभा राहिला, हसला आणि घरी गेला. भांडणापेक्षा ते हसणं तिला जास्त जाचलं.

हरभरा वर आला आणि मैना बिघडली.

मैना ही तिची लाडकी घोडी. अंगानं भरलेली, डोक्यानं शांत, नवख्या पोराला पाठीवर घेऊन जपून चालणारी. तीच मैना आता रिंगणात त्या एका कोपऱ्याशी आली की कान मागं टाकायची, अंग चोरायची, आणि जास्त रेटलं तर पुढचे पाय उचलून उभी राहायची. रस्त्यावर न्या, नाल्यात न्या, ट्रॅक्टरच्या बाजूनं न्या, कसली तक्रार नाही. नाटक फक्त रिंगणात.

याच नाटकात सुप्रिया पडली. सुप्रिया मुकेशची मुलगी, शाळेत सातवीला. बापाला न सांगता ती ओढणीनं तोंड बांधून, वर हेल्मेट घालून यायची, आणि मंजुषानंही तिला कधी परत पाठवलं नाही. एक तर पोरगी घोड्यावर अशी बसायची की बाकीच्यांनी बघत राहावं. आणि दुसरं, मुकेशच्या घरातलं कोणीतरी आपल्याकडे चोरून येतं, यात मंजुषाला गोडी होती. पडली तेव्हा हात मोडला. घरी तिनं सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. "मोठी आई, बाबाले सांगजो नोको, नाहीतं मले कधीच येऊ देनार नाई," एवढं तिनं रडत रडत मागितलं आणि मंजुषानं शब्द दिला.

त्या दिवशी धुऱ्यापलीकडून मुकेशचं हसणं ऐकू आलं होतं. कोण पडलं हे त्याला कुठं दिसलं होतं? कोणीतरी पडलं, एवढ्यावरच गडी खूश.

मंजुषाचा नवरा वीरेंद्र हा मुळात भांडणाला भिणारा माणूस, पण या वेळी त्यानं पाय रोवले. उद्या कोणाच्या पोराची मान मोडली तर आपण गावात राहू शकू का, असं त्यानं विचारलं, आणि कारंज्याच्या हिरालालला फोन लावला. हिरालाल लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवायचा. बँडच्या कल्ल्यात, फटाक्यांत, पाठीवर दारू प्यालेला नवरदेव घेऊन मैनेनं नाचायचं, या विचारानं मंजुषा ताट सारून उठली. हिरालाल रविवारी येणार होता. तोवर घोडी का बिघडली हे सापडलं नाही तर ती गेली.

ती हात धुऊन कारणाच्या मागं लागली. खोगीर उतरवून पाठ चाचपली, कुठं दुखत नव्हतं. दात पाहिले, नाल पाहिले. डॉक्टर येऊन गेला आणि घोडी ठणठणीत असल्याचं सांगून गेला. मग तिनं खोगीर काढून, कोणी वर न बसता, मैनेला लांब दोरावर रिंगणात फिरवलं. संध्याकाळी घोडी त्याच कोपऱ्यात उसळली. म्हणजे खोगिराचा दोष नाही, बसणाऱ्याचाही नाही. सकाळी पुन्हा फिरवलं तर तीच घोडी त्याच कोपऱ्यातून गरिबासारखी चालत गेली. वीरेंद्र म्हणाला, संध्याकाळी थकत असेल. मंजुषानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ठेवायला आत गेला.

संध्याकाळी असं काय होतं, हे बघायला ती तबेल्याच्या आडोशाला बसून राहिली. ऊन उतरलं आणि मुकेश बादली घेऊन आला. इकडंतिकडं न बघता त्यानं पाइपांमधून हात घातला आणि बादलीभर पाणी तिच्या रिंगणाच्या कोपऱ्यात ओतलं. मग शेतातल्या खांबाशी जाऊन काहीतरी केलं आणि निघून गेला.

तिच्या डोक्यात जाळ उठला. इतके दिवस हा आपल्या जागेत काहीतरी ओतत होता आणि आपण घोडीचे दात मोजत बसलो. ती कुदळ घेऊन धावली. कोपऱ्यात चिखल झाला होता. उकरलं तर खाली कोळसा निघाला, आणि पांढरे खडे. एक जिभेला लावून पाहिला तर मीठ. कोळसा, मीठ, रोज संध्याकाळी पाणी. शिकलीसवरली बाई, पण त्या क्षणी तिच्याही मनात करणी हा एकच शब्द आला.

मग कुदळ लोखंडावर वाजली. जमिनीत खोल ठोकलेली सळई होती आणि तिला बांधलेली वायर धुऱ्याखालून मुकेशच्या शेतात गेली होती. नीट बघायला म्हणून ती पुढं सरकली, तर रबरी गमबूट चिखलात अडकून राहिला आणि अनवाणी पाय खाऱ्या चिखलात पडला. पायातून एक झटका मांडीपर्यंत चढला. थोडं थांबून दुसरा. पलीकडच्या खांबावर, अगदी त्याच तालात, मशीन टक टक करत होती.

झटका मशीन. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढून तिच्यात झटका सोडतात, ती. गावात एका शेताआड ती आहे, संध्याकाळी चालू करतात आणि सकाळी बंद. तिची अर्थिंगची सळई जमिनीत ठोकावी लागते, भोवती कोळसा-मीठ घालावं लागतं आणि माती कोरडी पडली की पाणी द्यावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुकेशच्या तारेला धुऱ्याचं गवत जागोजाग टेकलं होतं आणि झटका जमिनीत उतरून सळईकडे परत येत होता. मंजुषाच्या पायात कायम रबरी बूट. मैनेच्या पायांना लोखंडी नाल, बाकीचे दोन घोडे बिननालाचे.

आणि सळई तिच्या रिंगणात कशी आली? आली नव्हतीच. ती होती तिथंच होती, मुकेशच्या धुऱ्यात. मंजुषानंच पाइप दोन हात पुढं रोवून तिला आत घेतलं होतं.

सळई काढ म्हणून त्याला सांगणं म्हणजे त्याच्या दारात जाऊन उभं राहणं, आणि त्यापेक्षा तिनं जीभ चावून घेतली असती. तक्रार करावी तर मोजणी येणार आणि धुरा कोणी चोरला ते सगळ्या गावासमोर निघणार. रात्रभर ती मुकेशला शिव्या देत कूस बदलत राहिली. सकाळी उठून तिनं वीरेंद्रच्या हातात पहार दिली.

दोघांनी मिळून कोपऱ्यातले पाइप उपटले. चोरलेले दोन हात सोडले, आणि घोडी सळईपासून चांगली लांब राहावी म्हणून आपल्या हक्काचीही पट्टी सोडली. मुकेश पलीकडे येऊन उभा राहिला. त्याच्यासमोर आपली जमीन आपल्या हातानं मोकळी करताना तिचे कान लाल झाले होते. तिनं एकदाही मान वर केली नाही.

रविवारी संध्याकाळी हिरालाल आला. मशीन टकटकत होती. मंजुषा स्वतः मैनेवर बसली आणि रिंगण फिरली. कोपऱ्याशी घोडीनं कान मागं टाकले, थबकली, जमीन हुंगली आणि पुढं चालू लागली. पुढच्या फेरीला थबकलीही नाही. मंजुषानं वरूनच हिरालालला सांगितलं की घोडी विकायची नाही. तो पेट्रोल फुकट जाळायला लावलं म्हणून बडबडत गेला. तिनं मैनेच्या मानेवर डोकं टेकवलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

"घोडी चांगली हाय, वैनी."

मुकेश बादली घेऊन धुऱ्यावर उभा होता. वाटण्यांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "तुमी पाइप रोवून राह्यले तवाच. म्हनलं, घ्या. किती दिवस घेता ते पाहू."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं होतं का धुरा घेताना?"

तिचा राग दुप्पट झाला. तो हसत होता. तेच हसणं.

"पोरगी पडली, हात मोडला तिचा," ती म्हणाली. "तवाबी मालूम होतं तुमाले?"

"तवाबी."

"कोन पोरगी होती थे इचारा ना, भाऊजी."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं लगाम ओढून घोडी थांबवली, म्हणजे टापांच्या आवाजात एक शब्दही हरवायला नको.

"सुप्रिया होती. सायकल नव्हती थे."

मुकेशनं बादली खाली ठेवली. ओतायचं पाणी तसंच राहिलं. तो सरळ घराकडे निघाला, आधी धुऱ्यावरून चालत, मग हरभरा तुडवत धावत.

मंजुषाला वाटलं, जिंकले. विहीर, वाटणी, ते हसणं, सगळ्याची भरपाई एका वाक्यात झाली. तबेल्यापर्यंत ती याच नशेत आली. खोगीर उतरवून खुंटीला टांगायला गेली तेव्हा शेजारच्या खुंटीवर छोटं हेल्मेट दिसलं, पट्ट्याला सुप्रियाची ओढणी बांधलेली.

तिकडं हरभऱ्यापलीकडे मुकेशच्या घरातून त्याचा आवाज चढला. मग पोरीचा. मंजुषा त्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली, कारण त्या घरात पाऊल टाकायचा हक्क तिला नव्हता आणि तो मागायला आता तोंडही राहिलं नव्हतं.