बिल्ल्यांची पेटी

कुलूपकारांच्या संघात बारा सभासद होते आणि त्यांतल्या दोघांनाच कानस कोणत्या बाजूने धरायची ते आठवत होतं. बाकीच्यांचे वडील कुलूपकार होते. पितळी बिल्ला बापाकडून मुलाकडे, मुलगा नसेल तर जावयाकडे जाई; कसब कुठे जाई, याची चौकशी संघाने कधी केली नव्हती.

वहिनी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. दारावर बिल्ला नाही तर दुकान बंद, असा नियम. त्याचा बिल्ला त्यांना द्यायचा की दुकान बंद करायचं, हे आज ठरणार होतं. वीस वर्षं कुलपं त्याच बनवत होत्या. नवरा गिऱ्हाइकाला ती देताना मिशीवर ताव मारायचा, एवढंच.

"आधी आपले बिल्ले घेऊ," अध्यक्ष म्हणाले. सभेआधी सगळ्यांचे बिल्ले वरच्या फटीतून कुलूपबंद पेटीत जमा होत, आणि गळ्यात बिल्ला पडल्याशिवाय सभेत कोणाच्या शब्दाला किंमत नसे. "मग वहिनींचं बघू. तसं बघण्यासारखं काही नाही म्हणा."

पेटी उघडेना. ती दरवर्षी उघडणारा शिपाई नुकताच काम सोडून लेकीकडे राहायला गेला होता. चिटणिसांनी किल्ली फिरवली. खजिनदारांनी फिरवली. अध्यक्षांनी कुलपाला तेल पाजलं, फुंकर घातली, शेवटी चापट मारली.

"गंजलंय."

"छे! किल्लीच बदललीय कोणीतरी."

"लोहाराला बोलवा."

कुलूपकारांच्या सभेत लोहार! वहिनींनी हसू गालातच दाबलं. ते कुलूप त्यांच्याच डावखुऱ्या हातचं, नवऱ्याच्या नावाने संघाला भेट गेलेलं. किल्ली उलटी फिरायची. बारा जण ती इमानेइतबारे सुलटी पिळत होते.

"वहिनी, बघता का जरा?" चिटणीस हळूच म्हणाले. "पेटी फोडली तर गावभर शोभा होईल."

"मी कशी हात लावू, भाऊजी? संघाच्या वस्तूला परक्याने शिवायचं नाही, तुमचाच नियम."

"अहो, आम्ही परवानगी देतो ना!" अध्यक्ष गरजले.

"तुम्ही कोण? बिल्ला कुठाय गळ्यात?"

अध्यक्षांचा हात गळ्याशी गेला आणि रिकामाच खाली आला. नियमाप्रमाणे त्या घडीला खोलीत एकही सभासद नव्हता.

"मग करायचं काय?"

"नोंदवहीत माझं नाव लिहा, खाली बारा सह्या करा. पेटी उघडली की सह्या आपोआप खऱ्या होतील."

सह्या झाल्या. वहिनींनी किल्ली डावीकडे फिरवली. खट्.

अध्यक्षांचा बिल्ला कोरा करकरीत निघाला, दुकान नव्हतंच त्यांना. खजिनदारांचा मखमलीत गुंडाळलेला. नवऱ्याचा तेवढा दारावर आपटून आपटून झिजलेला.

"त्यावरचं नाव आम्ही बदलून देऊ," अध्यक्ष म्हणाले.

"कोणाकडून?"

वहिनींनी पिशवीतून बारीक कानस काढली आणि तिथेच बिल्ला घासायला घेतला. अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले. कानशीचा आवाज त्यांना लहानपणापासून सोसत नसे.