नऊ-नऊ किलो

सायकलवर सहा दिवस जायचं तर सामान किती घ्यावं, यातलं राजकुमारला काही कळत नव्हतं. वाळूजच्या कारखान्यात तो बारा वर्षं फिटर. ड्यूटीला सायकलनंच जायचा, पण कॅरियरला डब्याशिवाय काही नसायचं. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं सगळं सामान पलंगावर मांडलं आणि वरदला बोलावून घेतलं.

वरद बँकेत अधिकारी. क्रांती चौकातून दर रविवारी सायकलवाल्यांचा जथा निघतो, त्यात तीन वर्षांपूर्वी दोघांची गाठ पडली आणि सूत जमलं. दमणपर्यंत जाऊन समुद्र बघायचा बेतही वरदचाच. राजकुमारनं चाळिशी गाठली तरी समुद्र पाहिला नव्हता.

"हे काय, लग्नाला निघालास का?" वरद हसला आणि निवडायला बसला. दुसरी पँट बाजूला गेली. गोधडी गेली. दशम्यांचा डबा अर्धा झाला. "घाटात पाव किलोसुद्धा छळतं, राजा."

"भाऊजी, थंडी लई हाय. स्वेटर तरी राहू द्या," राजकुमारची बायको रत्नमाला म्हणाली.

"हा बघा वहिनी, तुमच्यासमोर ठेवला."

मग त्यानं आपलीही बॅग आणली आणि सामान तोलायच्या हातकाट्याला दोन्ही अडकवून तोलल्या. "तुझी नऊ, माझी नऊ. बरोब्बर!" बॅगांना हूक बसवायचे म्हणून तो दोन्ही आपल्या गाडीत टाकून घरी घेऊन गेला. सकाळी चौकात त्यानंच त्या सायकलींना लावल्या.

दौलताबादच्या चढावर राजकुमारचा जीव मेटाकुटीला आला. एरवी रविवारी तोच पुढं असायचा आणि वरदसाठी थांबायचा. आज मांड्या भरून आल्या, सायकल मागं ओढल्यासारखी झाली. शेवटी तो उतरून ढकलू लागला. महिनाभर लागोपाठ रात्रपाळ्या केल्या, त्याचंच हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. वर वरद मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करत उभा होता. "काय पहिलवान, वय झालं का?"

राजकुमार ओशाळून हसला. "तुला थांबावं लागतंय माझ्यापायी," म्हणाला.

वेरूळच्या अलीकडं त्याचं मागचं चाक बसलं. समोर किराणा दुकान होतं. वरद शेजारी चहा सांगायला गेला आणि राजकुमारनं पंक्चरचं सामान काढायला बॅग तळापर्यंत उपसली.

आत एक काळी पिशवी निघाली, त्याची नसलेली. तिच्यात कॅमेरा, दोन लेन्स, घडीची तिपाई, चार्जर. खाली वरदचे चामडी बूट, टॉवेलात गुंडाळलेले. स्वेटर कुठंच नव्हता.

मग दुकानदाराला विचारून त्यानं दोन्ही बॅगा धान्याच्या काट्यावर ठेवल्या. त्याची साडेचौदा भरली. वरदची साडेतीन.

चहाचे दोन ग्लास घेऊन वरद आला आणि काट्याकडं बघून थबकला.

"अरे, सांगणारच होतो. तिथं पोचल्यावर शूट करायचं होतं, म्हणून..."

"माझा स्वेटर?"

"मावत नव्हता रे. तुला कुठं थंडी वाजते? आणि ओझ्याची तुला सवय आहे. आम्हाला नाही ना तशी."

'आम्हाला.' राजकुमारनं तो शब्द ऐकला. त्याचे वडील, आजा, सगळे मोंढ्यात धान्याची पोती वाहून म्हातारे झाले होते. ते त्यानं एकदा भरवशानं वरदला सांगितलं होतं.

"इचारलं असतंस तर मीच घेतलं असतं," तो म्हणाला. "दोन्ही घेतल्या असत्या. पण तू माझ्या बायकोसमोर काटा दाखवलास, वरद. आन् घाटात मी तुझी माफी मागत होतो."

"एवढ्याशा गोष्टीचा इश्यू करतोस?"

वरदची एकेक वस्तू राजकुमारनं बाकावर काढून ठेवली, ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली. चहा तसाच राहिला. वरद आधी समजावत होता, मग चिडला, मग फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. राजकुमार कन्नडच्या दिशेनं निघून गेला.

संध्याकाळी चाळीसगावात त्यानं फोनवर रविवारच्या सायकलवाल्यांचा ग्रुप उघडला. वरद टेम्पोत सायकल टाकून घरी पोचला होता आणि त्यानं लिहिलं होतं, 'पार्टनरनं अर्ध्यात सोडलं. माणसं ओळखायला चुकलो.' खाली नऊ जणांनी हळहळ व्यक्त केली होती. राजकुमारला एकानंही काही विचारलं नव्हतं. त्यानं बारा ओळी लिहिल्या, परत परत वाचल्या आणि पुसून टाकल्या. बाजारातून एक जाडसर शाल घेतली आणि धर्मशाळेत आडवा झाला.

सहाव्या दिवशी दुपारी तो दमणला पोचला. ओहोटी होती. समुद्र दूर सरकलेला, अलीकडं नुसता काळा चिखल. पण तेवढ्या लांबूनही त्याचा आवाज येत होता, आणि त्याला शेवट दिसत नव्हता. राजकुमारच्या अंगावर काटा आला. हे कुणाला तरी आत्ताच सांगावं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला, तर बोट आपोआप वरदच्या नावावर गेलं.

त्या बोटाचा त्याला एवढा संताप आला, की वेरूळात न आलेलं पाणी त्याच्या डोळ्यांत इथं आलं. मग त्यानं रत्नमालेला फोन लावला. वेरूळचं तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"पोचलो," एवढंच म्हणाला.

"कसा हाय समुद्र? आन् भाऊजी कुठंयत?"