आरतीची गेरवाली सायकल

शेजारच्या सत्यवतीच्या आरतीले गेरवाली सायकल भेटली अन माझ्या पायलले डबा. स्टीलचा, तीन खनांचा, वरून गुलाबी झाकन. डबा चांगलाच हाय, डब्यात काही खोट नाई. पन बाजूच्या दारात लाल सायकल उभी असली का डब्याकडे कोन पाहते?

आमच्या वलगाव रोडच्या वस्तीत दिवाळीच्या आंधी एका संस्थेचे लोक येतात. पोट्ट्यायले कागदाचा कंदील देतात, त्याच्यावर आपल्याले काय पायजे थे लिवायचं. मंग थे कंदील हॉलमधी दोरीवर टांगतात अन पैसेवाले लोक येऊन आपल्या मनानं एकेक उचलतात. जे लिवलं असन थे त्यायनं द्यायचं.

पायल यंदा आठवीत गेली. नवी शाळा पार राजापेठकडे. पायी जाते, पायी येते, घरी आली का पाय धरून बसते. तिच्या बापानं त साफ सांगून ठेवलं होतं, अशी रडत जात असन त दिवाळीनंतर नाव काढून घरी बसव. बोलला का करते थो मानूस.

त्या दिवशी कंदील हातात घेऊन पायल म्हने, "आई, सायकल लिवू?"

"हावरी झाली काय व?" मी म्हनलं. "लोकं म्हनतीन मायनं शिकवून पाठवलं. लहानसं माग, म्हंजे नक्की भेटते. डबा लिव."

तिनं डबा लिवला. बाजूलेच सत्यवती बसली होती. तिनं आपल्या पोरीले म्हनलं, "सायकल लिव. गेरवाली लिव. लाल लिव." मले त हसूच आलं. बाईले लाज ना शरम. मी साऱ्या वस्तीत सांगत फिरली, आरतीले आता विमान येते पाहा.

आली ना सायकल, हँडलवर गेर बदलाचा खटका असलेली. हॉलमधी आरतीनं घंटी वाजवली अन माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. सारे टाळ्या वाजवून राहिले होते म्हून मीही वाजवल्या. मले वाटलं, हे सायकल ढकलत पार मोझरी गावापर्यंत न्यावी अन तिथंच सोडून यावी.

जेवन गोड लागेना. सत्यवतीच्या घरी कूलर हाय, नवऱ्याजवळ फटफटी हाय, आरती त अभ्यासात ढ. मंग तिलेच काहून? शेवटी मी उठली अन संस्थेच्या किशोर सरायकडे गेली.

"सर, माझी पायल हुशार हाय, शाळा लांब हाय," मी म्हनलं. "तुमी गरज पाहत नाई काय? जो तोंड वासते त्याच्याच तोंडात घालता."

सर शांतपनं म्हनले, "ताई, यंदा एका दुकानदारानं सायकली दिल्या होत्या. तुमच्या वस्तीत आरतीशिवाय कुणी मागितलीच नाही. उरलेल्या आम्ही नांदगाव खंडेश्वरला पाठवल्या. पायलनं लिहिलं असतं तर तिलाही मिळाली असती."

"एखादी उरली असन?"

"नाही ताई, सगळ्या वाटल्या."

साऱ्या रस्त्यानं मी सत्यवतीलेच शिव्या देत आली. तिले आंधीच मालूम असन. मले एका शब्दानं बोलली नाई.

सुट्या संपल्या. सकाळी आरती सायकल घेऊन आमच्या दारात उभी. संग सत्यवती. सायकलले मांगं नवं कॅरिअर लावलं होतं.

"नवऱ्याच्या मांगं लागून बसवून घेतलं," सत्यवती म्हने. "बस व पायल. दोघीयची शाळा एकच हाय, संगच जात जा."

"काही गरज नाई," मी म्हनलं. "आमची पायी जाते. तिले सवय हाय."

पायलनं माझ्याकडे पाह्यलंच नाई. दप्तर पाठीवर टाकलं अन कॅरिअरवर बसली. तिचा बाप अंगनात दात घासून राहिला होता. त्यानं एकदा सायकलकडे पाह्यलं अन म्हनलं, "आता जाऊ दे तिले. शिकू दे." माझ्या पोरीची शाळा वाचली होती. मले खुशी व्हायले पायजे होती. पन सत्यवतीच्या सायकलनं वाचली, हेच मले गिळवेना.

निघता निघता पायलनं सत्यवतीचा हात धरला.

"काकू," थे म्हने, "पुढच्या साली मले काय मागायचं थे तुमीच सांगजा. आईले विचारू नका."