पितळी दाराआडचा साईकुमार

दिवेलागणीला मी पोचलो तेव्हा माझ्या बहिणीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर शेजारणी, आत या तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी माणसांच्या विठ्ठल भजनमंडळाची झाडून सगळी माणसं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दाराकडे. दार साईकुमारच्या खोलीचं. साईकुमार माझा भाचा. एकोणिसाव्या वर्षी डेंगूनं गेला, त्याला अकरा महिने झाले होते.

माझी बहीण मीनाक्षीबाई पुढे झाली. दिवसभर बंद ठेवलेलं ते दार तिनं रोजच्यासारखं उघडलं आणि मुलाच्या फोटोपुढे दिवा ठेवला. थोड्या वेळानं तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘साईकुमार आला’. लगेच टीव्हीखालचं त्याचं गेमचं यंत्र घुर्र करून सुरू झालं. कुणी हात लावला नव्हता.

बायका रडायला लागल्या. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेला माणूस मी, लोकांच्या भुतांना हसणारा, आणि माझेच पाय मागे सरकले.

दारापाशी खुर्ची टाकून गुरुमूर्ति नावाचा स्वामी बसला होता. माझे मेहुणे गोपालकृष्ण यांनीच त्याला आणला होता. “पूर्वी आत्मे कावळ्याच्या रूपानं येत,” तो तमिळमध्ये सांगत होता. “आता काळ बदलला, ते वायरलेसनं येतात. दिवसा त्यांची वाट बंद. दिवा लागला की वैकुंठातून सुटतात.” चांगली शिकलेली माणसं माना डोलवत होती. वैकुंठात पासवर्ड कोण देतो, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला भुवना दिसली.

भुवनेश्वरी, साईकुमारची बहीण. वय बारा. सातव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते. ती खांबाला टेकून बसली होती, मांडीवर पाण्याचा तांब्या. घटाघटा पीत होती, थांबत होती, पुन्हा पीत होती. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता.

“सुई घेतलीस कीं?” मी विचारलं.

“कालपासून नाहीं, मामा. स्वामी म्हणाले, सुई मला टोचली कीं साईअण्णाला दुखतें. म्हणून तो घरांत राहत नाहीं.”

“एक मंडल,” स्वामीनं खुलासा केला. “अठ्ठेचाळीस दिवस सुई बंद. सकाळ-संध्याकाळ माझं भस्म.”

अठ्ठेचाळीस दिवस म्हणे. या पोरीचे अठ्ठेचाळीस तास निघणार नव्हते. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो, आणि ही भीती भुताची नव्हती.

मी भुवनाला उचलायला वाकलो. मीनाक्षीनं तिला घट्ट धरून ठेवलं. “अण्णा, माझा साई परत आला आहे. तूं मध्यें पडूं नको. आतां हिला हलवलीस तर तो कायमचा जाईल.”

ओढाओढी करून पोर सुटणार नव्हती, भजनमंडळानं मलाच बाहेर काढलं असतं. मी बहिणीच्या हातातून मोबाइल घेतला. नावाखाली बारीक अक्षरात होतं, ‘यंत्र घरच्या वाय-फायला जोडलं गेलं’. वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. हे भूत मीच घरात आणलं होतं.

गेल्या आठवड्यात भुवनाच्या लॅपटॉपसाठी या घरात मी वाय-फायचा नवा राउटर लावला, जुना साईकुमार गेल्यापासून बंदच होता. राउटर दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन प्रकारच्या रेडिओलहरींवर, बोलतो. एक सावकाश, पण भिंतीपलीकडे जाणारा. दुसरा वेगवान, पण भिंत आली की थबकणारा. सावकाश पट्टा मी नव्या नावानं लॅपटॉपला दिला. वेगवान पट्ट्याला मात्र घरच्या वाय-फायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. टेलिफोनखात्यातली खोड माझी, यंत्र बदललं तरी गिऱ्हाइकाचा नंबर बदलायचा नाही. आणि घरात कुणी आलं-गेलं, म्हणजे कुणाचं यंत्र वाय-फायला जोडलं-सुटलं, की कळावं म्हणून सूचना बहिणीच्या मोबाइलवर लावून दिल्या.

साईकुमारच्या यंत्रात ते जुनं नाव साठवलेलं होतं. यंत्राला त्यानं स्वतःचं नाव दिलं होतं. त्याच्या आईनं प्लग कधी काढला नाही, म्हणून ते अर्धवट झोपेत जुनं नाव शोधत पडलं होतं, आणि सापडलं की राहिलेले अपडेट उतरवून घ्यायला जागं होत होतं. पण भिंती दोन हात जाड, आणि दाराला आजोबांनी जवळच्या स्वामीमलै गावच्या कारागिरांकडून पितळी पत्रा मारून घेतलेला. दार उघडेल तेव्हाच वेगवान पट्टा आत जाणार. या घरात ते उघडतं फक्त दिव्याच्या वेळी.

मी दार लावलं. दोनेक मिनिटं मी पडद्याकडे बघत राहिलो. मग मोबाइल वाजला, ‘साईकुमार गेला’. मीनाक्षी किंचाळली.

“स्वामी, दिवा आत जळतोय. दार बंद आहे. बोलवा त्याला,” मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटून बराच वेळ मंत्र पुटपुटले. काही झालं नाही. “या पाप्यासमोर तो यायचा नाही,” तो म्हणाला.

“बरं, मग पापीच बोलावतो.” मी मोबाइलवरून सावकाश पट्ट्यालाही ते जुनं नाव, जुना पासवर्ड देऊन टाकला. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तोवर मी भुवनाचे श्वास ऐकत होतो. मग बंद दाराआडून घुर्र आवाज आला आणि मोबाइल वाजला, ‘साईकुमार आला’. सगळं मी सगळ्यांना समजावून सांगितलं, एकेक पायरी. माझं बोलणं संपलं तेव्हा स्वामीची खुर्ची रिकामी होती.

“मग माझा साई आला नव्हता?” मीनाक्षीनं विचारलं.

“नाही, मीनाक्षी. तो गेला. ही अजून आहे.”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीला स्वतःच उचललं. रिक्षात भुवनाला उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सलाइनमधून इन्सुलिन सुरू केलं आणि म्हणाले, सकाळ उजाडायची वाट पाहिली असतीत तर आम्हाला काही करता आलं नसतं. पाचव्या दिवशी पोर घरी आली.

आपल्या माणसाचं नाव असं दिसलं तर घाबरायला होणारच, मीही घाबरलो. घाबरा, पण विचारा. यंत्र कुठे आहे, नाव कुणी लिहिलं, दुपारी का येत नाही, ते करून बघा. आणि डॉक्टरांचं औषध कुणा बाबाच्या शब्दावर एक वेळही चुकवू नका.

पुढच्या एकादशीला भजनमंडळात कुणीतरी मीनाक्षीला हळूच विचारलं, साई पुन्हा आला होता का. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझ्या मुलाला डेंगूनं नेलं. मुलीला मी माझ्या हातानं मारीत होतें.”