वाकडी चौकट

आईचा हात मोठा सफाईदार. फोटो स्टुडिओत संगणकासमोर बसून ती बायकांच्या कमरा अशा आत ढकलायची, की त्यांच्या आतड्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न कोणालाच पडत नसे. कंबर आत ढकलली की फोटोत तिच्यामागचं दारही वाकतं. ते तेवढं सरळ केलं की झाली बाई इंटरनेटवर मिरवायला मोकळी!

घरी मात्र तिची सोळा वर्षांची लेक, लाडाचं नाव ढमी, पंधरा दिवस काकडीवर जगत होती. ताटातला पाव ती गुपचूप रुमालात गुंडाळायची. आज आईने तो रुमाल पकडला.

“हे काय खूळ? मरायचंय का उपाशी?”

लेकीने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. “हिला जमतं, मग मला का नाही जमणार?”

आईने फोटो निरखला. फोटोतल्या बाईच्या कमरेमागे दाराची चौकट धनुष्यासारखी वाकली होती. हा फोटो केला त्या दिवशी आईला सपाटून भूक लागली होती, म्हणून चौकट तशीच सोडून ती डबा खायला उठली होती.

“अगं बये, ही कंबर मी केलीय! खोटी आहे ती. ते दार बघ!”

ढमीने दाराकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे चमकले.

“तू केलीस? मग तुला बरोबर कळत असेल. सांग ना, माझं कुठून कमी करायला हवं?”

आणि आईची नजर, निव्वळ सवयीने, लेकीच्या कमरेवर गेली.