तहकूब सभा

नियम साधा आहे. हजेरी नाही तर मानधन नाही, आणि सलग तीन सभा चुकल्या तर सदस्यत्वच गेलं. नगरपालिकेच्या सभांची हजेरी मी वीस वर्षं घेतोय, या नियमाचं मला कधी सोयरसुतक नव्हतं. पण नगरसेवक असलेले दाजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, वाचा गेली, दोन सभा चुकल्या आणि ताई माझ्यापुढे येऊन बसली. औषधं त्या मानधनावर चालायची. तिसऱ्या सभेला मी दाजींच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. सख्ख्या बहिणीसाठी लिहिलं, त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी ताई पांढरीफटक होऊन आली. म्हणाली, काल सभेच्या वेळेत, तीन ते पाच, अंथरूण रिकामं होतं. पाचनंतर बघते तर हे जागच्या जागी, आणि तळव्यांना धूळ. मी तिलाच वेड्यात काढलं. पण सभेत दाजींच्या रिकाम्या खुर्चीत कोणीतरी खाकरलेलं मीही ऐकलं होतं. ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

पुढच्या सभेलाही 'हजर' लिहिलं. त्या दिवशी स्वतःचंच मानधन वाढवण्यावरून सदस्यांची जुंपली. अध्यक्ष वैतागले, सभा तहकूब म्हणाले आणि पुढची तारीख न देताच निघून गेले. तहकूब सभा संपलेली नसते. ती पुन्हा भरेपर्यंत हजर असलेला माणूस हजरच राहतो.

साडेपाचला ताईचा फोन आला. हे अजून घरी आले नाहीत, म्हणाली.

मी धावत सभागृहात गेलो. दाजी खुर्चीत ताठ बसले होते आणि लुळ्या पडलेल्या उजव्या हाताने चष्मा पुसत होते. मी हजेरीपट उघडला, 'हजर' खोडायला पेन टेकवलं.

"खोडू नकोस," दाजी म्हणाले. "घरी मला जीभ नाही."

माझ्याच्याने खोडवेना. मी ताईला बोलावून घेतलं. ती आली, सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि कुठे आहेत म्हणून मलाच विचारायला लागली. दाजी तिला हाका मारत होते. मी खुर्ची दाखवली. तिने हात पुढे केला, तो नुसत्या लाकडावर पडला.

तिने हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळली.

"तू लिहिलंस म्हणून तुला दिसतात ना? मग माझंही नाव लिही."

पेन माझ्या हातातच आहे. ताई सदस्य नाही. तिच्यासाठी हजेरीपटात ओळच नाही.