चार खोडलेल्या तारखा

"वहिनी, आज नको. स्वारी तापलीय. एक म्हातारा सकाळी सकाळीच वाट्टेल ते बोलून गेला. पोरीला म्हणावं, उद्या सकाळी माग. दुपारपर्यंत मुदत आहे ना?"

पाणी कचेरीच्या तक्रार खिडकीवरचा कारकून घरी निघताना कचेरीच्या जिन्यातच थबकला. खाली त्याच्या शेजारच्या खिडकीवर बसणारा सहकारी जाड्या फोनवर बोलत होता, तोही कारकुनाच्याच बायकोशी.

जाड्याने वळून पाहिलं आणि तो ओशाळला. "लेकीला तुझी सही हवीय रे. वहिनी रोज विचारतात, आज साहेबांचा दिवस कसा गेला."

"मी काय वड्याचं तेल वांग्यावर काढतो का घरी?"

"काढलंस तर बरं. तू तोंडाला कुलूप लावून बसतोस. लोक मलाही बोलतात, मी या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो. तू गाठोडं बांधून घरी नेतोस."

कारकुनाला लाज वाटली. घरी त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आपण गप्प बसतो म्हणजे कुणाला त्रास देत नाही, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

घरी पोचून त्याने बेल वाजवली तसा आतला टीव्ही बंद झाला. लेकीने दार उघडून आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कागद आण, सही करतो."

"उद्या चालेल, बाबा."

"आण गं."

दूरच्या कॉलेजचा अर्ज होता. वसतिगृहात राहावं लागणार होतं. सहीच्या जागेशेजारी लेकीने चार वेळा तारीख घालून चार वेळा खोडली होती.

खोडलेल्या पहिल्या तारखेला एका बाईने रिकामी बादली खिडकीवर आपटली होती. दुसरीला एकाने त्याची अक्कल काढली होती. चारही दिवसांचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. त्या त्या संध्याकाळी घरात कोण काय बोललं, ते मात्र काही केल्या आठवेना.

त्याने सही केली. "कधी निघायचं?"

"पंधरा दिवसांनी."

पंधराच. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आज एक म्हातारा आला होता," तो म्हणाला. "मला म्हणाला, तुझ्यापेक्षा माझा नळ बरा, निदान खोकतो तरी."

लेक हसली, लगेच थांबली, तिने बापाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"मग, बाबा?"